रेवाचा उजवा हात

मन्सूरचाचा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, तोंडात बघत. कोणी नवा माणूस भेटला की तो कधी हसतो याची ते वाट बघायचे, आणि हसला की नाव ऐकायच्या आधी त्यांना त्याची किडलेली दाढ कळलेली असायची. मी तळोद्याच्या मुलींच्या शाळेत रुजू झाले आणि त्यांच्या दुकानासमोरच्या माडीवर खोली घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रस्त्यातून हाक मारली, "बाई, तुम्हना वरना सुळा वाकडा शे. पण ऱ्हाऊ द्या. शोभस."

धुळ्याहून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईला भर बाजारात असं काही ऐकायची सवय नव्हती. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि तेवढे दिवस तोंड मिटूनच हसत राहिले.

दुकानावर पाटी होती, "दात बसवून मिळतील". चाचा काही डॉक्टर नव्हते. तरुणपणी सुरतेला एका दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या बनवायला होते, तिथून हुन्नर घेऊन घरी परतले. पण डॉक्टर म्हटलेलं त्यांना फार आवडायचं. म्हटलं तर "नही नही, मी कसाना डॉक्टर" असं लाजून म्हणत. नाही म्हटलं तर चहा सांगत नसत.

आणि शब्द देण्याची भारी हौस. गिऱ्हाईक अजून पायरी चढतंय, तोच टेबलावर हात आपटून म्हणायचे, "व्हई गयं समज!" मग मागून बघायचे की मेण आहे का, मसाला आहे का, दात कोणत्या मापाचे उरलेत. बहुतेक वेळा काहीतरी नसायचंच. मग शब्द पाळण्यासाठी त्यांची जी धावपळ चालायची, ती मी माडीवरून बघत असे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुरणपोळीआधी कवळी देतो म्हणून एका म्हातारीला त्यांनी सांगितलं होतं, तर आखाजीच्या दिवशी सकाळी भर उन्हात, कवळी हातरुमालात बांधून, सायकलवरून तिच्या गावाला निघाले होते. स्वतःच्या घरी रोजा आणि तिच्या घरी पुरण.

मुंबईहून त्यांच्याकडे डब्यातून एक पूड यायची. अल्जिनेट तिचं नाव. चाचा तिला शेवाळ म्हणत, कारण ती समुद्रातल्या शेवाळापासून करतात असं त्यांना सुरतेला कोणीतरी सांगितलं होतं. रबरी वाटीत पूड घ्यायची, माठातलं पाणी घालायचं, भराभर घोटायचं, पळीत भरायचं आणि माणसाच्या तोंडात दाबून धरायचं. थोड्याच वेळात ते घट्ट होतं, रबरासारखं, आणि बाहेर काढलं की तोंडाचा साचा तयार. त्यात लगेच प्लास्टर ओतायचं. सगळी कसरत पाण्याची. पाणी कोमट असलं तर पूड वाटीतच थिजते, आणि आमच्याकडे चैत्रापासून नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. म्हणून दुकानात माणसांसाठी एक माठ आणि शेवाळासाठी वेगळा माठ होता. शेवाळाच्या माठातलं पाणी कोणी प्यायलं तर चाचांच्या तोंडून जे ऐकायला मिळे ते मी इथे लिहिणार नाही.

तोंडात तो गोळा असताना माणसाला ओकारी येते. ती येऊ नये म्हणून चाचा गोष्ट सांगायचे. गोष्ट एकच, समुद्राची. चाचा लहानपणी डुमसच्या किनाऱ्यावर गेले, लाट आली, टोपी घेऊन गेली, टोपीमागे चाचा गेले, आणि पुढे काय काय. गोष्ट संपायची आणि साचा घट्ट व्हायचा, दोन्ही एकाच वेळी. मोलगीच्याही पलीकडून डोंगर उतरून आलेला एक म्हातारा भिल मात्र गोष्टीत रमला नाही. त्याला चाचांची भाषा कळत नव्हती आणि चाचांना त्याची. तोंडात काहीतरी थंड, वाढत चाललंय असं वाटून तो जो उठला तो पळीसकट बाजारात पळाला. मागे चाचा, हातात रबरी वाटी, "बाबा, तोंड उघडू नको! पळ, पण तोंड उघडू नको!" अख्खा बाजार कामं टाकून बघत होता. म्हातारा थेट मोटारस्टँडपर्यंत गेला. तोंड मात्र त्याने भीतीने गच्च मिटून ठेवलं होतं, म्हणून साचा असा उतरला की चाचा महिनाभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

तापीकाठच्या एका गावच्या गोविंदभाईंशी त्यांचा घरोबा होता. गोविंदभाई गुजर, केळी आणि उसाचे मोठे बागायतदार, स्वभावाने इतके मऊ की बैलालासुद्धा अहो म्हणतील. त्यांचे वडील वारले तेव्हा चाचा मातीला गेले होते. तिरडी उचलायची वेळ झाली आणि चाचा आडवे उभे राहिले. म्हाताऱ्याची कवळी घरात धुण्यासाठी ताकात घातलेली तशीच राहिली होती. "आसा पोपला चेहरा लिसन वर जाई का तो? त्याना बाप त्याले वळखाव नही!" लोक चिडले, भटजी चिडले, पण चाचांनी कवळी आणायला लावली, स्वतः बसवली, हनुवटी दाबून धरली आणि मगच बाजूला झाले. गोविंदभाई म्हणायचे, त्या दिवशी वडील पुन्हा वडिलांसारखे दिसले. माणूस अपुरा दिसलेला चाचांना सहनच व्हायचा नाही. हा त्यांचा गुण होता की वेड, ते मला आजही सांगता येत नाही.

गोविंदभाईंची मुलगी रेवा. सातवीपर्यंत ती माझ्या वर्गात होती, तळोद्याला मावशीकडे राहून शिकायची. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तिखट. शाळा सुटल्यावर ती गावी गेली. तिचं लग्न लहानपणीच ठरलेलं होतं, त्यांच्यात ठरतं तसं, आणि त्या वर्षी आखाजीनंतर ते व्हायचं होतं. माघात त्यांच्या शेतावर गुऱ्हाळ लागलं. एक गडी आला नाही म्हणून रेवा चरकात ऊस घालायला बसली. ओढणीचं टोक अडकलं की कांडं, कोणालाच नीट सांगता आलं नाही. इंजिन बंद करेपर्यंत उजवा हात मनगटापर्यंत गेला होता.

ती वाचली. जखम भरली. मग नवरदेवाकडची माणसं बघायला आली. मुलगा खाली मान घालून बसला होता आणि त्याची आजी बोलत होती. त्यांच्यात लग्नाचा खरा क्षण म्हणजे हस्तमेळाप. नवरीचा उजवा हात नवरदेवाच्या उजव्या हातात द्यायचा, वरून सूत गुंडाळायचं, पाणी सोडायचं. आजी म्हणाली, "हात नही तर हस्तमेळाप कसाना? आन् डावा हात शुभ कामले चालस नही." पोर वाईट नाही, घर वाईट नाही, पण हात पाहिजे. नसेल तर त्यांच्या नजरेत दुसरी एक मुलगी होती. मुलाने तेवढ्यात एकदा वर बघितलं आणि परत मान खाली घातली.

भटजींनी तोड काढली. पूजेला बायको नसली तर सुपारी ठेवून चालवून घेतात, मग हाताच्या जागी हात का चालणार नाही? पण रूप पाहिजे, पाचही बोटं पाहिजेत. आजीनेही ते मान्य केलं. गोविंदभाई तडक तळोद्याला आले आणि चाचांच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी तेव्हा दुकानातच होते. चाचांनी टेबलावर हात आपटला. "मी जबडा बनाडस, तर माले हात बनाडता नही येवाव का? उठा गोविंदभाई. व्हई गयं समज!"

दुसऱ्याच दिवशी गोविंदभाई आणि रेवाची आई तिला घेऊन आले. माझ्या वर्गातली ती मुलगी ओळखू येत नव्हती. आई चाचांशी बोलत होती तेव्हा तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बाई, मी लहानपणपाईन त्याच घरनं नाव आयकत ऊनू. आते ते घर नही, तर मन्ही जागा कोठे शे? आठे बठा माले देखीसन रडतस. रोज रडतस." तिखट जिभेची पोर, पण हे तिने अगदी हळू सांगितलं.

तोंडाला चमचाभर पूड पुरते. हाताला किती लागेल याचा चाचांना अंदाज नव्हता, म्हणून त्यांनी होती नव्हती ती सगळी काढली. तुपाचा एक उभा डबा घेतला. मी माठातून पाणी ओतत होते, चाचा आणि गोविंदभाई घोटत होते. रेवाने डावा हात कोपरापर्यंत पुढे केला, चाचांनी त्याला गोडंतेल चोळलं आणि त्या गुलाबी लगद्यात अलगद सोडला. बोटं डब्याला लागू द्यायची नाहीत, हलवायचं नाही. चाचा डुमसची गोष्ट सांगायला लागले. रेवाला पहिल्यांदाच थोडं हसू आलेलं मी बघितलं. मग हात बाहेर आला, बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करत. पोकळीत प्लास्टर ओतलं. ते वाळल्यावर चाचांनी रबरासारखा तो गोळा सुरीने सोलत नेला आणि आतून हात निघाला, पांढराशुभ्र. नखं होती. तळव्यावरच्या रेषा होत्या. लहानपणी विळी लागल्याचा वणसुद्धा होता. रेवाची आई त्या हातावरून आपला हात फिरवत राहिली. गोविंदभाईंनी चाचांना मिठी मारली. आम्ही सगळे इतके हरखलो होतो की कोणाच्याच काही ध्यानात आलं नाही.

चाचांनी मग दोन आठवडे दुकानात दुसरं काम घेतलं नाही. कवळीच्या हिरड्यांचा जो मसाला असतो, त्यात गेरू मिसळून रेवाच्या रंगाशी रंग जुळवला. आतून पोकळ, मनगटाला बांधायला मोच्याकडून चामड्याची पट्टी. बसवायच्या दिवशी मी शाळेतून लवकर आले. रेवाने हात चढवला, पट्टी बांधली, ओढणी सारखी केली आणि चाचांना नमस्कार करायला दोन्ही हात जोडले.

हात जुळले नाहीत. एक अंगठा तिच्या छातीकडे होता आणि दुसरा बाहेर, आमच्याकडे. तिच्या उजव्या मनगटावर डावा हात बसला होता.

डाव्या हाताचा साचा घेतला तर डावाच हात निघणार, हे कोणत्याही पोराला कळलं असतं. पण चाचांच्या सगळ्या आयुष्यात साचा ज्या तोंडाचा घ्यायचा, कवळी त्याच तोंडात परत जायची. डावं-उजवं असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आणि आम्ही सगळे नखं आणि रेषा बघत बसलो होतो. चाचा भिंतीला टेकले. रेवा म्हणाली, "माले पहिल्याच दिनले समजनं व्हतं, चाचा. पण तुम्ही इतला खुश व्हतात. मन्हा बाप किती दिनथीन पहिल्यांदा हसना व्हता. माले बोलवनं नही."

आखाजी तोंडावर आली होती. चाचांनी त्या हाताचा अंगठा कापून दुसऱ्या बाजूला बसवून बघितला, तर करंगळी अंगठ्याशेजारी आली आणि ते जे काही दिसायला लागलं ते त्यांनी माझ्यादेखत फोडून टाकलं. सुताराने लाकडाचा करून दिला तो नांगराच्या मुठीसारखा होता. "मी नक्कल करणारा माणूस, बाई," चाचा म्हणाले. "माले घडता येस नही. समोर उजवा हात पाहिजे."

उजवे हात गावात काय कमी होते? पण मिळेना एकही. रेवाच्या आईने घरं पालथी घातली. कुवारी मुलगी असेल तर तिची आई दारातच सांगायची, हस्तमेळापात हात गेला म्हणजे पोरच दिली की, उद्या तिचं काय करू? लग्न झालेली म्हणायची, माझा हात एकदा दिलेला आहे, परत कसा देऊ? विधवेचा हात तर कोणी मागायलाच गेलं नाही. कोणी दुष्टपणाने नाही म्हणत नव्हतं. रडत रडत नाही म्हणत होत्या. मी माझा हात पुढे केला तर रेवाच्या आईने तो दोन्ही हातांनी मागे सारला. चाचाही म्हणाले, "नही बाई, तुम्हनं लगीन बाकी शे." माझ्या लग्नाची काळजी तळोद्यात सगळ्यांना होती, एकटी मी सोडून. मी तणतणत घरी आले. पण खरं सांगते, कोणाच्या तरी मांडवात आपला हात आपल्याशिवाय जाणार, या विचाराने मलाही आतून थोडं चरकल्यासारखं झालं होतं.

आणि पूड तरी कुठे होती? मुंबईला लिहिलं तर यायला महिना. चाचा मोटारीने नंदुरबारला गेले, तिथून धुळ्याला. दातांच्या डॉक्टरांच्या दारोदार फिरले. दोन दिवसांनी परतले तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता आणि हातात एक डबा होता, तळाशी थोडी पूड, तीही ओलीने खडे झालेली. पाटा-वरवंटा घेऊन त्यांनी ते खडे वाटले. मला म्हणाले, "सकाळले लवकर या. पाणी थंड ऱ्हास तव्हय." हात कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, कोणीतरी शेवटी तयार झालं.

पहाटे गेले तर दुकानात ते एकटेच. बाही वर केलेली, हातावरचे केस वस्तऱ्याने काढलेले. चाचांचा हात तसा बारीक होता, लांब बोटांचा, बारीकसारीक कामात गेलेला. "घडता येस नही," म्हणाले, "पण कमी करता येस. रोज तेच करस ना मी, कानस लिसन. बाई, तुम्ही घोटा. मन्हा एकच हात मोकया शे."

पूड पुरणारी नव्हती. म्हणून हाताला ती नुसती लेपासारखी लावायची, तिच्यावर कापसाचे पुंजके चिकटवायचे आणि वरून जाड प्लास्टर चढवायचं, असा त्यांचा बेत होता. दोन्ही कडांनी दोरा सोडायचा. प्लास्टर आवळायला लागलं की दोरा ओढून त्याच्या दोन फाका करायच्या, पण कडक झाल्याशिवाय उघडायचं नाही, नाहीतर आतला पातळ थर फाटेल. आणि तो फाटला तर परत करायला काही नव्हतं. मी घोटलं, लावलं. बोटांच्या टोकांपाशी आणि मनगटापाशी लेप संपत आला, तिथून कातडी दिसत होती. तिथे मी तेल लावलं आणि वरून प्लास्टर घातलं, ते सांगतील तितकं. ते आवळायला लागलं तसा दोरा ओढला.

प्लास्टर जाड असलं की सुकताना तापतं. हे मला चाचांनीच पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. मी वरून हात लावला तर चटका बसला. "काढा चाचा," मी म्हटलं. "आजून नही." मी परत म्हटलं. ते म्हणाले, "आजून नही, बाई," आणि भिंतीकडे बघत डुमसची गोष्ट सांगायला लागले. मला नाही, स्वतःलाच. लाट आली, टोपी घेऊन गेली, टोपीमागे मी गेलो. मध्येच थांबायचे, दात आवळायचे, परत सुरुवातीपासून. मी रडत होते आणि ओढलेला दोरा मुठीत धरून बसले होते. गोष्ट कितीदा झाली कोण जाणे. शेवटी त्यांनी डाव्या हाताच्या नखाने प्लास्टर वाजवून बघितलं आणि मान हलवली. दोन्ही फाका उघडल्या. साचा अख्खा होता. चाचा आधी साच्याकडे बघत होते, मी त्यांच्या हाताकडे.

दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाले, लग्नानंतर. खोबरेल लावलं, फडकं गुंडाळलं आणि कामाला बसले. साच्यात मेण ओतून काढलेला हात डाव्या हाताने तासायचा, उजव्याने नुसता धरायचा. धरवेना तेव्हा मी धरायची. बोटं बारीक केली, नखं गोल केली, सांध्यांच्या गाठी घालवल्या. फडक्यातून पाणी झिरपायचं, ते पुसायचं आणि परत. मेणाच्या जागी मसाला भरून, उकळून हात तयार झाला तेव्हा लग्नाला मोजकेच दिवस राहिले होते. गोविंदभाई न्यायला आले. घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, "चाचा, हात कोना शे? कुवारीना का सवाशीनना?" चाचा म्हणाले, "ना कुवारी, ना सवाशीन, ना रांडाव. जेना शे तेनी राजीखुशी दिधा. आते इचारू नका." बुडत्या माणसाने आणखी काय विचारायचं? त्यांनी हात उपरण्यात गुंडाळला आणि गेले.

मांडवात ऊन नुसतं भाजत होतं. चाचा काळी अचकन घालून आले होते, मांडवाच्या कडेला पुरुषांत उभे होते, उजव्या हाताला पांढरा रुमाल. अचकनच्या गुंड्या उघड्याच होत्या. एरवी उघड्या गळ्याने ते पायरीवरसुद्धा येत नसत, पण उकाडा आहे म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. कोणीतरी विचारलं, हाताला काय झालं, तर म्हणाले, चुलीवर लागलं.

भटजींनी हात पुढे करायला सांगितलं. रेवाने केला. नवरदेवाच्या आजीने तो आधी आपल्या हातात घेतला. बोटं चाचपली, नखं बघितली, अंगठा कुठल्या बाजूला आहे तेही बघितलं. मग तिने तो नातवाच्या हातात ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मुलाने हात धरला, वरून सूत पडलं, पाणी पडलं. त्याने तो इतका गच्च धरला होता की त्याच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. भटजी सोड म्हणाले तरी त्याच्या लक्षात आलं नाही. लोक हसले. रेवाही हसली. मी वळून चाचांकडे बघितलं, तर ते बघत नव्हते, मांडवाच्या खांबाला कपाळ टेकून उभे होते.

पाठवणीच्या वेळी रेवा सगळ्यांच्या पाया पडत चाचांपाशी आली. वाकून उठताना तिला रुमाल दिसला. तिने रुमालाकडे बघितलं, मग आपल्या मनगटाकडे. तिला समजायला वेळ लागत नसे, हे मी तिला वर्गात असताना बघितलेलं होतं.

"चाचा," ती म्हणाली, "हाऊ तुम्हना शे ना?"

"मन्हा कसाना? तुन्हा शे."

"मी जपसू याले."

"जपाले नही दिधा," चाचा जवळजवळ ओरडलेच. "वापर त्याले. भाकर थापताना परात धरी तो, लिखताना कागद दाबी तो. झिजी गया तर दुसरा करसूत." तिने मान हलवली. गाडीत बसल्यावर तिने ओढणीखाली तो हात झाकला नाही, मांडीवर उघडा ठेवला. बैल चालायला लागले तशी बायका रडायला लागल्या आणि गोविंदभाई धुळीत गाडीमागे थोडं अंतर गेले.

आम्ही दोघं मोटारीच्या रस्त्यावर लिंबाखाली येऊन थांबलो. चाचा बराच वेळ इकडेतिकडे बघत होते. रस्त्यावर कोणी नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी घसा साफ केला. माझ्याशी बोलताना ते कायम दोन हात लांब उभे राहत, आज जवळ आले, आणि नजर दुसरीकडे ठेवून म्हणाले, "बाई, वाईट वाटी लेऊ नका. गुंड्या लाई द्या. सकाळपाईन परयत्न करी ऱ्हायनू. बोटं वळतस नही."

मी त्यांचा रुमाल सोडून बघायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "एकही वळत नाही?" मी विचारलं. त्यांनी डाव्या हाताने अचकनच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या. मी खालून एकेक गुंडी लावत वर आले. गळ्याची लावायला गेले तेव्हा ते परत दोन हात लांब सरकले आणि म्हणाले, ती राहू द्या, मोटारीत गरम होतं.